आकाशातलं तांबं

तांब्याच्या बाबतीत बाबांशी वाद घालायचा नाही, हा आमच्या घरचा नियम होता. बाकी कुठल्याही विषयावर मी आणि बाबा कडाकडा भांडायचो. भाजीत मीठ किती, पंखा किती नंबरवर, बसस्टँडला जायला कोणता रस्ता जवळचा, काहीही चालायचं. मला राग लवकर येतो, आणि तो कुणाकडून आला हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. पण तांबं म्हटलं की चैतराम मेश्राम यांचा शब्द शेवटचा.

त्याला तसं कारणही होतं. मलाजखंडची खाण सुरू झाली त्या वर्षी बाबा तिथल्या प्रयोगशाळेत लागले, बाटल्या धुवायला. वीस वर्षांनी, दोन हजार दोनच्या मार्चमध्ये निवृत्त झाले, तेव्हा नव्या केमिस्ट पोरांना हाताशी धरून शिकवत होते. तारेचं बारीक कडं आम्लात बुडवायचं, त्यावर दगडाची चिमूटभर पूड घ्यायची आणि निळ्या ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की तांबं आहे. हे कुणीही सांगेल. बाबांचं वेगळं एवढंच की हिरव्या-हिरव्यातला फरक त्यांना कळायचा. एकदा त्या पोरांनी गंमत म्हणून क्लबातली कॅरमची पावडर त्यांच्यासमोर जाळली. तिचीही ज्योत हिरवी होते. बाबांनी मान न वळवता सांगितलं की पावडर जागेवर ठेवा, संध्याकाळी खेळायला लागेल.

प्रयोगशाळेची दुसरी एक सवय त्यांनी घरी आणली होती. रजिस्टरात आकडा चुकला तर खोडरबर वापरायचं नाही, गिरवायचं नाही, काळं करायचं नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर आकडा, मग सही आणि तारीख. मी चौथीत असताना माझं सुगंधी खोडरबर त्यांनी खिडकीतून बाहेर फेकलं होतं. माझ्या गणिताच्या वहीत पानोपानी माझ्याच सह्या असायच्या आणि बाई मला विचारायच्या की तू कलेक्टर आहेस का.

निवृत्तीनंतर कंपनीचं क्वार्टर सोडून आम्ही बालाघाटला, वॉर्डातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात आलो. मी परसवाड्याच्या शाळेत विज्ञान शिकवते, रोज बसने अप-डाऊन करते. संध्याकाळी घरी यावं तर बाबा दारात खुर्ची टाकून बसलेले. सकाळी जाताना ज्या बाजूला पाहत होते त्याच बाजूला पाहत. माय त्यांना मेथी निवडायला द्यायची. ते पानांचे तीन ढीग करायचे, पोपटी, हिरवा आणि गडद, आणि मग तिन्ही ढीग एकाच कढईत जाताना बघत राहायचे. एकदा मला म्हणाले, "गीता, माहे डोये आता कायच्या कामाचे?"  मी चिडले आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या म्हणाले, जे अगदीच मूर्खपणाचं होतं, कारण त्यांना चष्माच नव्हता.

त्या हिवाळ्यात वीज कटौती जोरात होती. रोज संध्याकाळी साडेसहाला लाईट जायची ती साडेआठला यायची. सगळं बालाघाट सरकारला शिव्या घालायचं, फक्त प्रभाकर पाठक सर खूश असायचे. सर सिंचन खात्यात ड्राफ्ट्समन होते. रिटायर झाल्यावर त्यांनी घरी दुर्बीण केली होती. सहा इंचाचा आरसा स्वतः घासला, चार महिने लागले. त्यासाठी एका पिंपाभोवती गोल गोल चालत काच घासावी लागते. त्या दिवसांत त्यांच्या घरावरून जाणाऱ्यांची पक्की समजूत झाली होती की सरांना कुणीतरी प्रदक्षिणा सांगितल्या आहेत. विज्ञान शिक्षकांच्या प्रशिक्षणात माझी त्यांची ओळख झाली. मी त्यांना आमच्या विहाराच्या मैदानावर बोलावलं. तिथे झाडं नाहीत, आणि अंधार तर सरकारी होता.

तीस नोव्हेंबरला, शनिवारी, सात वाजता सर दुर्बीण घेऊन आले. अख्खा वॉर्ड लोटला. सरांनी आधी कृत्तिका दाखवल्या, लोक हरखले. मग त्यांनी नळी जवळजवळ डोक्यावर, देवयानीच्या तारकांकडे वळवली, बराच वेळ खुडबुड केली आणि एक ठिपका पकडला. लहानसा, गोल, निळसर हिरवा. कोपऱ्यावरच्या पानठेल्याचे दुलीचंद काका पाहून आले आणि म्हणाले, इतक्या मोठ्या नळीतून इतकुसा ठिपका.

सरांनी मग समजावून सांगितलं. हा मरत असलेला तारा आहे. आपल्या सूर्याएवढा तारा म्हातारा झाला की फुगतो, लाल होतो आणि अंगावरचे थर सोडू लागतो. एकदम नाही, हजारो वर्षं, फुंकर घातल्यासारखे थोडे थोडे. सगळं सोडून झालं की मधे उरतो तो छोटासा, पांढराशुभ्र, भयंकर तापलेला गाभा. त्याच्या उजेडाने सोडलेला वायू चमकायला लागतो. पुस्तकात त्याला बिंबाभ्रिका म्हणतात, कारण लहान दुर्बिणीतून तो ग्रहाच्या बिंबासारखा गोल दिसतो. ग्रहाशी त्याचा काही संबंध नाही. दहा-वीस हजार वर्षांत तो विरून जातो आणि त्याचा वायू दुसऱ्या ताऱ्यांच्या कामी येतो.

बाबा रांगेत सगळ्यात शेवटी उभे होते, तेही मायने ढकललं म्हणून. त्यांनी डोळा लावला. मिनिट झालं, दोन झाली. दुसऱ्यांदा रांगेत लागलेली पोरं कुरकुरायला लागली. बाबांनी डोळा काढला, सरळ उभे राहिले आणि ज्योतीकडे पाहून सांगायचे त्याच आवाजात म्हणाले, "तांबं."

 मग दुलीचंद काकांनी जोरात विचारलं, म्हणजे वर पण आपल्यासारखी खाण आहे का, आणि टाळ्या वाजायला लागल्या. मलाजखंडला कधी ना कधी कामाला गेलेले दहाजण तरी त्या गर्दीत होते. ते सांगू लागले की मेश्रामजींचा डोळा कधी चुकत नाही, आणि कॅरमच्या पावडरीची गोष्ट पुन्हा एकदा सगळ्यांना ऐकवली गेली. बाबा मधे उभे. कुणी त्यांना ताऱ्यात तांबं किती टक्के विचारत होतं, कुणी ते काढायला किती खर्च येईल. आणि बाबा हसत होते. मार्चपासून मी तो चेहरा पाहिला नव्हता.

तांबं नव्हतं ते. मला ते माहीत होतं. पोरांनी प्रश्न विचारले तर तोंडघशी पडायला नको म्हणून आदल्या दिवशी मी सगळं वाचून काढलं होतं. तो हिरवा उजेड ऑक्सिजनचा असतो. सरांनी तोंड उघडलेलं मला दिसलं आणि मी त्यांचं कोपर इतक्या जोरात दाबलं की ते "अहो" म्हणाले आणि गप्प झाले. माझ्या नोकरीच्या पाच वर्षांत मी पोरांच्या शंभर चुका खडसावून दुरुस्त केल्या असतील. वडिलांची एक मात्र मला करवली नाही.

रविवारी सकाळी विहाराच्या फळ्यावर, जिथे वंदनेची वेळ आणि पल्स पोलिओची तारीख लिहितात तिथे, बाबांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं: देवयानी तारकासमूहातील हिरव्या ठिपक्यात तांबे आहे. खाली सही, चै. मेश्राम, आणि तारीख.

पुढचे चार दिवस आमचं घर म्हणजे कचेरी झालं. बाजूच्या वॉर्डातले लोक यायचे. बाबा रोज दाढी करू लागले. जेवताना दुसऱ्यांदा भात मागू लागले. मेथीचे ढीग बंद झाले, कारण वेळ कुणाला होता? माय मला म्हणाली की मार्चमध्ये गेलेला माणूस परत आला बाई. हे ऐकून मला आनंदही झाला आणि भीतीही वाटली, कारण तोपर्यंत बाबांनी पुढचा बेत जाहीर केला होता. येत्या शनिवारी ते मैदानावर स्टुलावर स्पिरिटचा दिवा ठेवणार, त्यात मोरचूद जाळून तांब्याची हिरवी ज्योत करणार आणि सगळ्यांना आकाशातलं तांबं व जमिनीवरचं तांबं शेजारी शेजारी दाखवणार. आणि नुसत्या डोळ्यांनी नाही. लोलकातून.

लोलक म्हणजे काचेचा तिरपा तुकडा, उजेड फोडून त्याचे रंग दाखवणारा. शाळेचा एक लोलक प्रशिक्षणापासून आमच्याच घरी फडताळात पडला होता, एका कोपऱ्याला तडा गेलेला. बाबांना तो माहीत होता. लोलकातून पाहिलं तर काय होईल तेही मला माहीत होतं. मोरचुदाच्या ज्योतीच्या पट्ट्याच पट्ट्या होतील आणि आकाशातल्या ठिपक्याच्या होणार नाहीत, कारण त्याचा जवळजवळ सगळा उजेड एकाच हिरव्या रंगाचा. चैतराम मेश्राम दीडशे माणसांसमोर, स्वतःच्या हाताने, स्वतःला खोटं पाडणार होते.

मग मी जे केलं ते एका विज्ञान शिक्षिकेला शोभणारं नव्हतं. मंगळवारी सकाळी मी लोलक चण्याच्या डाळीच्या डब्यात, डाळीखाली पुरला आणि बाबांना सांगितलं की शाळेत परत दिला. परसवाड्यापर्यंतच्या बसमध्ये मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. गुरुवारी मायने वडे करायला डाळ काढली.

मी घरी पोचले तेव्हा माय बाबांच्या हातात लोलक देत होती आणि म्हणत होती, तुमच्या लेकीच्या डाळीत काच पिकली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे पाहिलं. ते म्हणाले की तू फार विसरभोळी होऊन राह्यली, आणि लोलक धोतराच्या सोग्याने पुसत अंगणात गेले. इतके खूश होते की त्यांना शंकाही आली नाही.

दुसऱ्या दिवशी सहा डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन. संध्याकाळी सगळा वॉर्ड पुतळ्याजवळ मेणबत्त्या घेऊन जमला. वंदना झाली, लोक शांतपणे उभे होते. परत निघाल्यावर मैदानाच्या टोकाला बाबा थांबले, वळले आणि खिशातून लोलक काढून मान वाकडी करून पाहू लागले. मग त्यांनी तो माझ्या डोळ्याला लावला. शेकडो ज्योती होत्या आणि प्रत्येक ज्योत लांब होऊन तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सात रंगांची पट्टी झाली होती.  मी रडत होते, आणि ते का, हे सांगायची हीच वेळ होती. मी सांगितलं नाही.

घरी येऊन त्यांनी अंगणात मोरचूद जाळला. दिव्यापुढे दाढीच्या दोन ब्लेडची बारीक फट केली, दूर जाऊन लोलकातून पाहिलं आणि वहीत लिहिलं: हिरव्या पट्ट्या पाच, निळसर दोन, कडा पुसट. खाली सही.

शनिवारी दुपारी मी पाठक सरांकडे गेले आणि म्हणाले, सर, आज दुर्बीण बिघडली म्हणून सांगाल का, आरसा सरकला वगैरे. सर म्हणाले, "चार महिने मी त्या पिंपाभोवती चाललो. आरसा वाकडा आहे असं मी माझ्या तोंडाने कसं म्हणू?" मग जरा मऊ होऊन म्हणाले की तुमच्या वडिलांना तुम्ही कमी ओळखता, गीताबाई. मला त्यांचा राग आला. अठ्ठावीस वर्षं मी ज्यांच्याशी भांडले त्यांना मी ओळखत नाही म्हणजे काय?

संध्याकाळी बाबांनी निरोप समारंभाला शिवलेला सफारी सूट घातला. लाईट गेली तशी मैदानावर ही गर्दी. सिनेमाला नसते एवढी. दुलीचंद काकांनी ठेला बंद करून पोरांच्या रांगा लावल्या होत्या. स्टुलावर दिवा, बाजूला मोरचुदाची पुडी, ब्लेडची फट, वही, पेन्सिल. सगळं प्रयोगशाळेतल्यासारखं मांडलेलं. सरांनी ठिपका पकडून दिला.

बाबांनी दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भिंगाशी लोलक धरला आणि मान वाकडी केली. शेजारच्या ताऱ्यांच्या पट्ट्या झाल्या असणार, मेणबत्त्यांसारख्या, कारण ते हुंकारले.  मग लोलक काढून पाहिलं. पुन्हा लावून पाहिलं. तिथून उठून दिव्याकडे आले, मोरचूद जाळला, दहा पावलं मागे जाऊन पाहिलं. हिरवी ज्योत लोकांच्या चेहऱ्यांवर पडली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाबांचं लक्ष नव्हतं. ते परत दुर्बिणीकडे गेले. एकच वाचन कधी घ्यायचं नाही, तीनदा घ्यायचं, ही त्यांची शिस्त. तिसऱ्यांदा डोळा लावला तेव्हा मी मायचा हात घट्ट धरला होता आणि ती मला विचारत होती की तुले काय झालं.

बाबा सरळ उभे राहिले.

"हे तांबं नाई," ते म्हणाले. "तांब्याच्या पट्ट्या होतात. हा ठिपका ठिपकाच राहते. हे दुसरं काही आहे."

एवढ्या गर्दीत शेवटच्या पोरालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. मागून कुणीतरी हळहळलं. मग बाबांनी सरांना विचारलं की हे काय आहे, आणि सरांनी माझ्याकडे पाहिलं. आता पळायला जागा नव्हती. मी म्हणाले, ऑक्सिजन. बाबा माझ्याकडे वळले.

"तुले माहीत होतं?"

"हौ."

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुमी तांबं म्हनाले तेव्हापासून."

त्यांनी हातातल्या लोलकाकडे पाहिलं. आता कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हनून हा डाळीत होता," ते म्हणाले. गर्दीत मायचा एक "अगं बाई" ऐकू आला.

मग मात्र मला राग आला, माझा नेहमीचा, वेळकाळ न पाहणारा. मी सगळ्यांसमोर बोलून बसले की आठ महिने तुम्ही दारात बसून होता, मेथी निवडत होता, तुमचा चेहरा मला बघवत नव्हता, आणि त्या दिवशी तुम्ही हसलात, मग मी काय करायला हवं होतं? 

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "इतकी वर्षं मी रजिस्टर लिवलं. माहं चुकलं तर साहेब लोक तोंडावर सांगत. म्हनून बरोबर असलं की मले आनंद होये. तू माहा तो आनंदच खोटा करून टाकला असता, गीता."

मला खूप लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर त्यांचा फार अभिमान वाटला.

पाठक सरांनी तेवढ्यात घसा खाकरला. आयुष्यभर नकाशे काढलेला माणूस, योग्य जागी रेघ मारणं त्यांना बरोबर जमतं. ते म्हणाले, मेश्रामजी, तुम्ही एकटे नाही. दीडशे वर्षांपूर्वी युरोपातल्या एका मोठ्या शास्त्रज्ञाने अगदी असंच केलं, दुर्बिणीला लोलक लावला आणि अशाच ठिपक्यात हा हिरवा उजेड पाहिला. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी तो जुळेना. तेव्हा सगळे म्हणाले हे नवं मूलद्रव्य आहे, आणि त्याला नावसुद्धा देऊन मोकळे झाले. तो वायू आपल्या इथल्या कुठल्याही हवेपेक्षा इतका विरळ असतो की त्यातला ऑक्सिजन असा वेगळाच उजेड देतो, हे कळायला साठ वर्षं लागली.

"साठ वर्षं?" बाबांनी विचारलं.

"साठच्या वरच."

बाबांनी बोटांवर मोजलं. तीस तारखेपासून सात तारखेपर्यंत. "मले आठच दिवस लागले," ते म्हणाले.

आधी दुलीचंद काका हसले, मग सगळं मैदान. बाबाही हसले, आणि ते मागच्या शनिवारचं हसू नव्हतं, त्याहून जास्त होतं, कारण आता ते स्वतःवर हसत होते. सफारी सूटचं एक बटण त्यात गेलं. मीही हसत होते आणि ओढणीने नाक पुसत होते.

मग माय पुढे झाली. मायने आजवर कुठल्याही सभेत तोंड उघडलं नव्हतं. तिने सरांना विचारलं की ऑक्सिजन म्हणजे तोच ना, दवाखान्यात नळीने देतात तो, आपण श्वासात घेतो तो. सर म्हणाले, तोच. माय म्हणाली, म्हणजे त्या ताऱ्यानं जाता जाता बाहेर सोडलं, अन् आपण ते आत घेऊन राह्यलो? सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की चंपाबाई, आपल्या हवेतला ऑक्सिजन जास्त करून फार मोठ्या ताऱ्यांतून आला, ते फुटून मरतात. थोडाफार अशा ताऱ्यांतूनही आला असेल. पण तुमच्या अंगातला कार्बन, म्हणजे कोळसा, आणि नायट्रोजन बराचसा अशाच म्हाताऱ्या ताऱ्यांनी सोडलेला आहे. मायने पदर सावरला, वर पाहिलं आणि एक मोठा श्वास घेतला. तिच्या मागे उभ्या असलेल्या बायकांनीही घेतला, आणि मग पोरांनी, आवाज करून.

सगळ्यांना पुन्हा पाहायचं होतं. तोच ठिपका, तांबं म्हणून आधीच पाहिलेला, आता ऑक्सिजन म्हणून. लोलकातून आणि लोलकाशिवाय. रांग पार विहाराच्या दारापर्यंत गेली. बाबा प्रत्येकाची मान किती वाकडी करायची ते हाताने धरून दाखवत होते आणि ज्याला शेजारच्या ताऱ्यांची पट्टी दिसली नाही त्याच्यावर खेकसत होते. थेट खाणीतले मेश्रामजी.

साडेआठला लाईट आली. मैदानाच्या कडेचा खांबावरचा दिवा भक्कन पेटला, दुर्बिणीतला ठिपका फिका पडला आणि लाईट आली म्हणून लोक वैतागून ओरडले, आमच्या वॉर्डात हे पहिल्यांदाच. आता काहून आली, असं एक म्हातारा खांबाला विचारत होता.

उजेडात विहाराचा फळा दिसला. देवयानी तारकासमूहातील हिरव्या ठिपक्यात तांबे आहे. दुलीचंद काका चांगले आहेत. ते ओलं फडकं घेऊन लगबगीने निघाले, कुणी काही बोलायच्या आत पुसून टाकतो म्हणून. बाबांनी त्यांचा हात धरला.

"पुसाचं नाई. लोकाईले वाचता आलं पाह्यजे."

त्यांनी खडू घेतला. 'तांबे' या शब्दावर एकच सरळ रेघ मारली. बाजूला लिहिलं, ऑक्सिजन. खाली सही केली, तारीख घातली, सात बारा दोन हजार दोन. मागे सरून पाहिलं. मग खडू माझ्यापुढे धरला.

मला कळलं नाही. मी म्हणाले, तुमचीच चूक होती ना, तुम्ही सही केली.

"दोन चुका आहेत," बाबा म्हणाले. "एक माही. एक तुही. तुह्या चुकीवर मी कशी सही करू?"

सगळा वॉर्ड बघत होता. माझ्या शाळेतली परसवाड्याची दोन पोरं मामाकडे आली होती, तीही बघत होती. मी खडू घेतला आणि बाबांच्या सहीखाली सही केली, गी. मेश्राम, तारखेसकट. चौथीतल्या वहीत करायची तशीच आली, ग जरा मोठा. मन इतकं हलकं झालं होतं की आणखी दहा ठिकाणी सही करायला सांगितली असती तरी केली असती.

बाबांनी दोन्ही सह्या वाचल्या आणि मान हलवली, रजिस्टर तपासून झाल्यावर हलवत तशी. पाठक सर दुर्बिणीची नळी कापडात गुंडाळत होते. बाबा त्यांना विचारायला लागले की पुढच्या शनिवारी लाल ठिपका मिळेल का, लालमध्ये तर फारच प्रकार असतात. मग काहीतरी आठवून ते माझ्याकडे आले आणि लोलक माझ्या हातात ठेवला.

"सोमवारी शाळेत ने," ते म्हणाले. "अन् आता डाळीत नोको ठेवू. वड्यात त्याचा टवका सापडला होता मले."

तो टवका त्यांनी गुरुवारी रात्री काही न बोलता ताटाच्या कडेला काढून ठेवला होता. आम्ही तिघं घरी निघालो. माय पुढे चालत होती आणि मधेच थांबून मोठमोठे श्वास घेत होती.